विमानाच्या पोटातली गाळणी

मी एक जुनी गाळणी आहे, आणि खरं सांगायचं तर एक वाईट गाळणी आहे. मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगणारे सगळे आपल्या गुणांपासून सुरुवात करतात. माझी गोष्ट माझ्या दोषापासूनच सुरू होते, त्याला मी तरी काय करू?

भांड्यांच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी तारांची जाळी विणली, ती गोल कापली, कड्यात दाबून बसवली आणि कड्याला दांडी जोडली की झाली गाळणी. पण माझ्या वेळी विणणारं यंत्र कुठेतरी सैल पडलं असावं. माझी भोकं चारचौघींपेक्षा मोठी निघाली. मी एका फिटरच्या घरी आले आणि पहिल्याच दिवशी माझी अब्रू गेली. चहाबरोबर निम्मी पावडर कपात उतरली. घरच्या काकांनी शेवटचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "अगं, ही गाळणी आहे की खिडकी?" काकूंनी मला फेकून दिलं नाही, पण खिळ्याला जे अडकवलं ते अडकवलंच. चार वर्षं मी तिथे लोंबकळत होते. नवी गाळणी रोज वाफेत न्हायची आणि मी बघत राहायची. जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू!

पुढे काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांना विमानांचं वेड लागलं. खऱ्या विमानांचं नव्हे, रिमोटवर उडणाऱ्या विमानांचं. जेवणाच्या टेबलावरच एक जेट तयार होऊ लागलं. काका कापायचे आणि जोडायचे, काकू पॉलिशपेपरने घासायच्या आणि रंगवायच्या. आठ महिने दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवले. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, घरात दोघंच. हे जेट म्हणजे त्यांनी मिळून केलेली पहिलीच वस्तू होती, असं काकू सगळ्यांना सांगायच्या. "तिसरं कोणी बोट लावलेलं नाही याला," म्हणायच्या.

या जेटचा पंखा बाहेर दिसत नाही. तो पोटातल्या एका नळीत लपवलेला असतो. पुढून हवा ओढायची आणि मागून जोरात फेकायची, एवढंच त्याचं काम. पण जो हवा ओढतो तो हवेबरोबर येईल ते ओढतो. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पंख्यात हरभऱ्याएवढा खडा गेला तरी पाती तुटतात. आणि पंखा बंद पडला की असलं जेट हवेत फार वेळ टिकत नाही. ते पडतंच.

उडवणारी मंडळी दर रविवारी सकाळी जमायची. बंद पडलेल्या गोदामांमागचा सिमेंटचा जुना रस्ता, हीच त्यांची धावपट्टी. तिला जागोजाग तडे गेलेले आणि सिमेंट उखडून खडी वर आलेली. पहिल्या महिन्यात काकांच्या जेटचे दोन पंखे तुटले, दोन्ही वेळा जमीन सोडायच्या आतच. काकांनी हवा आत घेणाऱ्या पुढच्या दोन्ही तोंडांना जाळी लावली. तरी तिसरा पंखा तुटला. काका डोक्याला हात लावून बसले. तेव्हा काकू एका दुसऱ्या विमानाच्या वेळी धावपट्टीच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि गाल जवळजवळ जमिनीला लावून त्यांनी ते धावताना पाहिलं.

"अहो, खडा समोरून येतच नाही," त्या म्हणाल्या. "पुढचं चाक उडवतंय त्याला. आणि तो जातोय पोटाखालच्या त्या भोकातून. सायकलला मडगार्ड कशाला असतं, सांगा बघू?"

पंख्याला जादा हवा मिळावी म्हणून पोटाखालचं ते भोक काकांनीच ठेवलं होतं. पुढच्या चाकाच्या अगदी मागे. जन्मभर यंत्रं जोडलेला माणूस, पण त्यांनी पुढची दोन्ही दारं लावली आणि मागचं सताड उघडं ठेवलं. काका स्वतःवरच इतके हसले की त्यांना ठसका लागला.

घरी येऊन त्यांनी त्या भोकाला बारीक जाळी लावून पाहिली, तर हवाच आत जाईना आणि मोटर तापली. मोठी जाळी लावली, तर खडे आत जाऊ लागले. मग काकूंची नजर खिळ्यावर गेली. चहाची पावडर जिच्यातून जाते तिच्यातून हवाही जाईल, पण खडा जाणार नाही. काकांनी माझी दांडी कापली. दुखलं हो, पण मी हूं की चूं केलं नाही. चार वर्षांनी कोणाला तरी माझी गरज पडली होती.

मित्रांनो, त्यानंतरची पाच वर्षं म्हणजे माझं सुख. पाच वर्षांत एकही पंखा तुटला नाही. काका उडवायच्या आधी मला बोटाने टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "चल गं बाई, सांभाळ." मंडळीत माझं नाव झालं. घरोघरच्या गाळण्या गायब होऊ लागल्या. मंडळीतला बेकरीवाला म्हणाला, "काका, तुमच्या या गाळणीपायी माझ्या घरी आता बायको फडक्याने चहा गाळते, आणि वर मलाच पिळते!" सगळे हसले. मी तर फुगून टम्म झाले. हे जेट उडतंय ते माझ्यामुळे, असं मला मनापासून वाटू लागलं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. काकू रुंद झाडू घेऊन यायच्या. मंडळी यायच्या आधीच त्या धावपट्टी झाडायला घ्यायच्या, आणि झाडूला दाद न देणारे खडे वाकून हाताने वेचायच्या. बरं, तेवढ्यावर थांबायच्या का? नाही. जेट उंच लांब फेरीला गेलं की पुन्हा झाडू सुरू. उतरताना चाकाखाली खडा येऊ नये म्हणून. मी पोटाखाली असल्यामुळे माझं तोंड कायम जमिनीकडे. वरून मला काकूंचा चेहरा कधीच दिसायचा नाही, दिसायची ती वाकलेली पाठ. मला राग यायचा. एवढी मी आहे ना इथे? मग हिचा माझ्यावर विश्वास नाही की काय?

दर शनिवारी संध्याकाळी काका आतल्या खोलीत बॅटऱ्या चार्ज करत बसायचे. तेवढ्या वेळात काकू जेट मांडीवर उलटं घ्यायच्या आणि माझ्या कडेवरून हलकेच बोट फिरवायच्या. एवढं करूनही एखादा खडा मला लागायचाच आणि कड्यातली एखादी तार सैल व्हायची. ती बोटाला टोचली की काकू चिमट्याने पुन्हा आत दाबायच्या. कधी बोटातून रक्त यायचं. बोट तोंडात घालून त्या उरलेली कड तपासायच्या. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं. मलाही वाटलं नाही. मी आपली टिचकीची वाट बघायची.

मग काकू आजारी पडल्या. महिनाभराचं दुखणं झालं आणि त्या गेल्या.

जेट भिंतीवर टांगलेलं राहिलं. काकांनी रिमोटला हात लावला नाही. एकट्यापुरता चहा करायचे आणि तोही निवून जायचा. तीन महिन्यांनी लेक आली. तिने बापाची ती अवस्था पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आई दवाखान्यात मला काय म्हणाली होती माहितीय? जेट टांगून ठेवू नका म्हणावं. उडवत राहा. चला, या रविवारी मीही येते."

काकांनी जेटवरची धूळ बोटाने पुसली. "तिच्या हातचं एवढंच आहे गं माझ्याकडे," ते म्हणाले. "मोडलं तर?"

"पाच वर्षांत मोडलं का?"

"नाही. गाळणी आहे ना," काका म्हणाले.

रविवारी काकांना पाहून मंडळींना भरून आलं. एकेक जण येऊन खांद्यावर हात ठेवून गेला. बेकरीवाल्याने विचारलं, "काका, धावपट्टी एकदा झाडून घेऊ का? काकू गेल्यापासून कोणी झाडलीच नाही बघा. तेव्हापासून आमची विमानं बाजूच्या गवतावरूनच उडतात."

काकांनी मला टिचकी मारली. "नको रे. आमच्या गाळणीने पाच वर्षं एक खडा आत जाऊ दिलेला नाही."

मला ओरडावंसं वाटलं. कारण त्या टिचकीने माझ्या कडेची एक तार हलली होती. चार महिने तिच्यावरून कोणाचं बोट फिरलं नव्हतं. पण गाळणीला कुठला आवाज?

जेट धावू लागलं आणि माझ्यावर खड्यांचा मारा सुरू झाला. पाच वर्षांत मी असलं काही सोसलं नव्हतं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आजवर माझ्यापर्यंत इतके खडे का येत नव्हते. मी तरीही सगळे अडवले, मित्रांनो. शपथेवर सांगते, एकही आत सोडला नाही. जेट वर उठलं. लेकीने टाळ्या वाजवल्या. आणि त्याच क्षणी माझी ती सैल तार तुटली आणि पंख्याने ती आत ओढून घेतली.

पाती फुटल्याचा आवाज झाला आणि मग शांतता. काकांनी जेट सरळ ठेवायची खूप धडपड केली. ते गोदामाच्या भिंतीवर आदळलं. आठ महिन्यांच्या कामाचे इतके तुकडे झाले की वेचायला मंडळींना अर्धा तास लागला.

काका जमिनीवर बसून पंख्यात खडा शोधत होते. खडा नव्हताच. त्यांना सापडली बोटाच्या पेराएवढी एक तार. ती त्यांनी माझ्या कडेला लावून पाहिली. नेमकी बसली.

"ही सैल कशी झाली? इतकी वर्षं तर कधी नाही झाली," ते म्हणाले.

"होत होती बाबा," लेक हळूच म्हणाली. "मी माहेरी यायचे तेव्हा बघायचे ना. आई दर शनिवारी कडेवरून बोट फिरवायची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. शनिवारी ते आत बॅटऱ्यांपाशी असायचे, आणि रविवारी हातात रिमोट. रिमोट हातात असला की डोळे विमानावरून काढता येत नाहीत, पापणी लवली तरी विमान हरवतं. पाच वर्षं काकांनी फक्त वर पाहिलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "पण जेट वर गेलं की ती बघायची ना गं? तिने दिलेल्या रंगाला ऊन लागलं की काय सुरेख दिसायचं ते! बघितलं असेल ना तिने?"

लेकीने तुकड्यांकडे मान वळवली. उत्तर बेकरीवाल्याने दिलं, खाली मान घालून. "नाही हो काका. तुम्ही वर बघत असायचात तेव्हा काकू झाडत असायच्या. आम्ही म्हणायचो, काकू, बघा तरी जरा. तर म्हणायच्या, हो हो, एवढं झालं की बघते."

काका तिथेच बसून ढसाढसा रडले.

मित्रांनो, मी आता एका डब्यात आहे. कड उसवली आहे, आता माझा कोणाला उपयोग नाही, आणि त्याची तक्रारही नाही. मला पाच वर्षं जी शाबासकी मिळाली ती माझी नव्हती, हे तेव्हा मला सांगता आलं नाही, म्हणून आज तुम्हाला सांगते आहे. तुमच्या घरात जे काही बिनबोभाट चालतं ना, ते आपोआप चालत नाही. कोणीतरी वाकलेलं असतं. आज घरी गेलात की ते कोण आहे बघा. त्यांच्या हातातला झाडू घ्या आणि म्हणा, राहू दे ते, आधी वर बघ.