डबल बेल

अठराशे फूट

सिंगापूरच्या सेलेटार विमानतळाची धावपट्टी समोर दोन मैलांवर दिसत होती, खाली सामुद्रधुनीचं पाणी चकाकत होतं आणि विमान चालवता चालवता प्रियदर्शिनी वडिलांना सांगत होती, की उतरल्यावर टॅम्पिनीसला जाऊन आपण मस्तपैकी डोसा

सतराशे

खायचा, तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

उत्तमराव परतवाडा डेपोतून एसटी चालवून निवृत्त झालेले. चिखलदऱ्याचा घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची, ही त्यांची बत्तीस वर्षांची सवय. ते कौतुकानं म्हणाले, "इथंही न्यूट्रल काय व? चांगलं केलं."

"मी नाही केलं, बाबा. आपणहून बंद पडलं."

सोळाशे

तिनं नाक उचलून विमान तरंगायच्या वेगाला आणलं, पेट्रोलची टाकी बदलली, किल्ली फिरवून पाहिली. काही नाही. टॉवरला कळवलं. टॉवरनं धावपट्टी मोकळी केली. एवढ्या उंचीवरून पट्टी गाठता येत होती, फक्त विमान सरळ जायला हवं होतं.

चौदाशे

ते सरळ जात नव्हतं. नाक उजवीकडे वळत होतं.

उत्तमरावांच्या सीटपुढेही विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पेडलची जोडी होती. निघताना तिनं तीनदा बजावलं होतं, पाय मागे, सीटखाली. पण दुसरं कुणी चालवत असलं की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. टॅक्सीत तो कधी सापडायचा नाही. इथे सापडला होता.

"बाबा, पाय काढा."

"काढला."

तेराशे

"बाबा, पाय."

"अवं, काढला न."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. नजर समोर, गुडघा ताठ. तिनं डाव्या पेडलवर सगळा जोर लावला. पण त्या पायात अख्खा घाट होता.

अकराशे

पट्टी डावीकडे सरकत चालली. आणखी थोडा वेळ असंच गेलं, तर उतरायचं ते पाण्यात.

सुट्टीत ती बाबांच्या गाडीत कंडक्टरकाकांजवळ बसायची. काका तिला घंटीची दोरी ओढू द्यायचे. एक टोला, गाडी थांबे. दोन टोले, की मागे न बघता बाबांचा पाय ब्रेकवरून उठे.

तिनं सीटजवळच्या पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर पेन हाणला. टण टण.

पाय उठला.

नऊशे

उत्तमरावांनी आपल्याच पायाकडे पाहिलं, जरा ओशाळले, आणि बूट काढून सीटवर कशीबशी मांडी घातली.

"ने आता," ते म्हणाले.

पाचशे. तीनशे.

"ब्रेक आहे न याले?"

"आहे, बाबा."

"नाही, इचारलं फक्त."

शून्य

चाकं टेकली. इंजिनाचा आवाज नसल्यानं टायरची कुरकुर तेवढी ऐकू आली. वेग पायी चालण्याइतका उरला, तेव्हा तिनं बाटलीवर एकच टोला दिला.

उत्तमरावांनी लगबगीनं मांडी सोडली. तिनं दाखवलं तसे पेडलचे वरचे, ब्रेकचे भाग मोज्यातल्या पायांनी दाबले. विमान उभं राहिलं.

"लागली गाडी," ते म्हणाले. मग अग्निशमनवाले धावत येईपर्यंत ते सीटखाली बूट शोधत होते.

त्यानंतर

टॅम्पिनीसच्या टॅक्सीत ते मागे तिच्या शेजारी मांडी घालूनच बसले. सिग्नल पिवळा झाला. त्यांचा उजवा गुडघा हळूच उलगडू लागला.

प्रियदर्शिनीनं काचेवर दोनदा टकटक केलं.

"Uncle, want to stop here, is it?" चालकानं आरशातून विचारलं.

"नो, नो," उत्तमराव पाय आवरत म्हणाले. "डबल बेल. गो."