बोलता येईल इतक्या वेगानं

आमचं कुटुंब दरवर्षी पळतं. कुणाच्या भीतीनं नव्हे, शर्यतीत. आमच्याकडे कुटुंबांची वेगळी शर्यत असते आणि तिचा नियम असा, की घरातला शेवटचा माणूस रेषा ओलांडेल तेव्हाच त्या घराची वेळ धरायची. म्हणजे धाकटा वाऱ्यासारखा पळाला तरी उपयोग शून्य, माझं गाडं येईपर्यंत सगळे ताटकळत उभे. हे खूळ आमच्या ह्यांचं. लग्नानंतर फिरायला नेतो म्हणाले आणि पळायलाच नेलं.

गेल्या वर्षी मात्र आम्ही पळालो नाही. ह्यांच्या छातीत कळ आली, दवाखाना झाला, आणि घरी आले ते निम्मेच आले. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की थांबायचं, मनगट धरायचं, नाडी बघायची. लाँड्री आमची घराखालीच, पण तिथून कोपऱ्यापर्यंतसुद्धा एकटे जाईनात. आणि खोटं कशाला सांगू, मीही जाऊ देईना. बाथरूमला आतून कडी लावायची नाही, इस्त्रीला हात लावायचा नाही. थोरली एकदा म्हणाली, "आई, तू बाबांना घडी घालून कपाटातच ठेव." मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही.

यंदा डॉक्टरच म्हणाले, "पळा. पण बोलता येईल इतक्याच वेगानं. बोलताना धाप लागली की चालायचं." पोरांनी लगेच चौघांची नावं देऊन टाकली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतायत तर पळा बापडे, पण माझ्या शेजारून."

थोरलीनं चौघांसाठी एकाच रंगाचे सुती सदरे शिवून घेतले. ह्यांनी ते हट्टानं स्वतः धुतले आणि इतक्या दिवसांनी हातात इस्त्री धरली. शर्यतीच्या सकाळी बघते तर काय, चारही सदरे पुठ्ठ्यासारखे ताठ. खळ घातलेली. पळायच्या कपड्यांना.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"अर्धं गाव आपलं गिऱ्हाईक आहे," हे म्हणाले. "लाँड्रीवालेच चुरगळलेले पळाले तर काय अब्रू राहील?"

बदलायला वेळ नव्हता. आम्ही चौघं जाऊन उभे राहिलो ते कापडदुकानातल्या पुतळ्यांसारखे.

शिट्टी झाली आणि पोरं पसार झाली. मी ह्यांच्या शेजारी पळत तोंडाचा पट्टा सुरू केला. "सकाळी काय खाल्लंत?"

"तूच दिलंस ना?"

"तरी सांगा."

सांगितलं. मग मी गिऱ्हाइकांवर आले. "तो पुढचा कोण हो?"

"बँकवाला. ह्याच्या खिशाला कायम शाईचा डाग."

"आणि त्या?"

"शाळेच्या मोठ्या बाई. त्यांचा कोट आपल्याकडे पडून आहे." आणि त्यांच्या बाजूनं जाताना हा गृहस्थ खरंच म्हणाला, "बाई, कोट घेऊन जा." मला रस्ता दिसतच नव्हता. माझा सगळा जीव ह्यांच्या आवाजात अडकला होता.

पुलाच्या चढावर तो आवाज बंद झाला. वळून पाहिलं, तर हे थांबलेले आणि हात छातीवर. पाणी वाटणाऱ्या बाईला मी ओरडून दवाखान्याची गाडी बोलवायला सांगितलं आणि ह्यांचे खांदे धरले. "दुखतंय का? अहो, बोला काहीतरी."

"खाजतंय," हे म्हणाले.

"काय?"

"खळ गं. घामानं भिजली. छातीला चिकटलीय आणि काखेत करवतीसारखी लागतेय."

मी गाडी मागवून बसले होते आणि हा माणूस काख खाजवत होता. मला असं हसू फुटलं की आवरेना, आणि हसता हसता रडूच आलं. तेही हसायला लागले. मी त्या बाईला हातानंच गाडी नको म्हणून सांगितलं. वरचं बटण लावल्याशिवाय जो माणूस कधी गिऱ्हाइकापुढे आला नाही, त्यानं भर रस्त्यात सदरा काढला, घडी घालून माझ्या हातात दिला आणि बनियनवर उभा राहिला.

"मी जरा पुढे जाऊ का?" त्यांनी विचारलं.

पुलापलीकडे रस्ता वळतो. त्या वळणानंतर पुढचा माणूस दिसत नाही. 'नको' माझ्या जिभेवर तयारच होतं, वर्षभर दुसरं काय म्हणत होते मी? पण ह्यांना धाप लागलेली नव्हती. धडधाकट उभे होते आणि स्वतःच्या पायांनी पळायला माझी परवानगी मागत होते. मला माझाच राग आला.

"जा की," मी म्हटलं. "माझं तोंड काय बघत बसलाय?"

गेले. बनियन वळणाआड दिसेनासं झालं आणि मी एकटी उरले. दर पावलाला वाटायचं, आता कडेला घोळका दिसणार. वळण आलं. घोळका नव्हता, नुसती पळणारी माणसं होती, आणि त्यांत हे नव्हते. भीती काही गेली नाही. मग मी तिच्यासकट पळाले.

रेषेपाशी तिघंही उभे होते. धाकटा घड्याळ दाखवत माझ्या नावानं बोंबलत होता. हे लालबुंद होऊन बँकवाल्याशी गप्पा मारत होते. मी रेषा ओलांडली तेव्हा कुठे आमच्या घराची वेळ लागली, आणि ती इतकी वाईट होती की पुकारणाऱ्यानं पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

मी थोरलीला बाजूला घेतलं. "बाबा कसे आले गं? थांबत थांबत? माझी वाट बघत?"

ती जरा अवघडली. मला वाईट वाटेल असं वाटलं असावं तिला. "नाही गं आई. सरळ आले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही त्यांनी."

मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "पुन्हा सांग."