हेकरूखालचा बर्फ

बोलायचं तर बोलतो, पण काम चालू ठेवून बोलतो. हातातलं टाकून गप्पा मारत बसणं माझ्याच्यानं होत नाही. केर्केना बेटाच्या धक्क्यावर मेहरेझियाचं मासळीचं दुकान आहे. आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला एका पायाला गंज चढलेला उंच ठोकळा दिसतो ना, तो मी. बर्फाचं मशीन.

माझ्या पोटात एक थंडगार नळकांडं आहे. त्याच्यावर पाणी पडतं, पडल्या पडल्या गोठतं, आणि पातं ते खरवडत राहतं. खालच्या पेटीत बर्फाचे पापुद्रे भुरुभुरु पडतात. पेटी भरली की मी थांबतो आणि कुणी चार फावडी बर्फ उचलला की पुन्हा सुरू होतो. आता तुम्हीच सांगा, असल्या जन्मात स्वस्थता कुठून यायची? दुकानात येणारे म्हणतात, हा सारखा कुरकुरतो. कुरकुरणारच! थांबलो की मला धास्ती वाटते, पेटी रिकामी होत असेल आणि कुणाच्या लक्षात येत नसेल.

इटलीतल्या एका कारखान्यात माझे सांधे जुळले. तिथे मला चाचणीपुरतं गोड, स्वच्छ पाणी पाजलं. मला वाटलं, जगातलं सगळं पाणी असंच असतं. मग जहाज, मग ट्रक, मग बेटावर येणारी फेरीबोट. उतरलो तेव्हा माझ्याभोवती अर्धा धक्का गोळा झाला होता.

मला बसवायला स्फाक्स शहरातून लस्साद आला. त्याचं तोंड त्याच्या पान्यापेक्षा जास्त चालायचं. त्याने माझ्या डोक्यावर पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी ठेवली, एकेक पाय पिळून मला सरळ उभं केलं, सांडपाण्याच्या नळीला उतार दिला आणि मेहरेझियाला बजावलं, "बाई, याच्या मागे हातभर जागा सोडा. याला मागून श्वास घ्यायचा असतो. कोंडलात तर भडकेल."

"हातभर? एवढी जागा मी माझ्या नवऱ्यालाही दिली नव्हती."

"म्हणूनच बिचारा सारखा समुद्रावर असायचा."

मेहरेझिया खळखळून हसली. लस्साद पुढे म्हणाला, पहिला बर्फ टाकून द्यायचा, त्याला नव्या नळ्यांचा वास असतो. तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं. पाणी टाकून द्यायचं? या बेटावर? तिने तो सगळा बर्फ टोपलीत भरला आणि मागच्या अंगणातल्या अंजिराच्या बुंध्याशी नेऊन ओतला. माझी पहिली कमाई अंजिराने प्यायली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

इथलं पाणी क्षाराचं. काही महिने गेले की माझ्या नळकांड्यावर पांढरी पुटं चढतात आणि पातं अडखळू लागतं. मग लस्साद येऊन मला आंबट औषध पाजतो. पोटात अशी आग पडते की सांगता सोय नाही, पण नंतर अंग हलकं होतं. पाण्याची गाळणी तो बदलायचा. मागच्या जाळीवरची धूळ मात्र मेहरेझिया स्वतः झाडायची, आणि तिच्याइतकं नेमाने मला कुणीच पाहिलं नाही. लोकांच्या सवयी वेगळ्याच. येणारा जाणारा माझ्या पेटीत कलिंगड खुपसून जायचा, नाहीतर फावडं समोर लटकत असताना उघड्या हातांनी बर्फ उपसायचा. मेहरेझिया त्याच फावड्याच्या दांड्याने त्यांच्या बोटांवर मारायची. तिचं तोंड फटकळ होतं, पण तिने शिळ्या माशाला कधी ताजा म्हटलं नाही. सगळा धक्का ही गोष्ट जाणून होता.

तिचा धाकटा भाऊ हम्मादी. उथळ पाण्यात खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण रोवून मासे धरणारा माणूस. सकाळी बर्फ न्यायला यायचा तेव्हा आधी माझ्या कुशीवर तळहात ठेवायचा. माझी धडधड हाताला लागली की म्हणायचा, "जागा आहेस ना रे?" इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही.

मग त्याची नजर जाऊ लागली. आधी दूरचे दिवे, मग माणसांचे चेहरे. डॉक्टरांनी सांगितलं, होडी बंद. त्याने ऐकून घेतलं, हो म्हटलं. पण त्याच सुमारास त्याच्या मुलीचं, दोर्राचं, लग्न ठरलं. नवरा मुलगा आतेफ, स्फाक्सचा. आमच्याकडे लग्नानंतर नवरा-नवरी एक मोठा मासा सात वेळा ओलांडतात. मासा घरात बरकत आणतो, दृष्ट दूर ठेवतो. हम्मादी हट्टाला पेटला. मुलीच्या पायाखालून जाणारा मासा विकतचा नसेल, मी आणलेला असेल. बहिणीने शिव्या घातल्या, मुलगी रडली. एका पहाटे तो गुपचूप होडी घेऊन गेला.

आणि परत आला तो हेकरू घेऊन! काय सांगू, असा थोराड मासा मी या दुकानात पाहिला नव्हता. शेपटी पेटीच्या बाहेर येत होती. पण धक्क्याला लागताना होडी दगडांवर आदळली आणि तळाला मोठी भेग पडली. हम्मादीने बाहेर उडी मारली, माशाला मिठी मारून चालत दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, झालं माझं. हा शेवटचा."

म्हणजे बघा, दुसरा हेकरू मिळण्यासारखा नव्हता. होता तो एवढाच, आणि तो राखायचा होता मला.

दोन दिवसांत लग्न होतं, तेवढं मी सहज निभावलं असतं. पण दक्षिणेचा तापलेला वारा सुटला, समुद्र खवळला आणि फेरीबोट बंद पडली. नवरदेव वऱ्हाडासकट पलीकडे अडकला. कुणीतरी सुचवलं, मासा फ्रीजरमध्ये टाका. हम्मादी उसळला. "गोठवलेला मासा म्हणजे ओंडका. ओंडक्यावरून उड्या मारायला माझी दोर्रा काय शेळी आहे?"

त्याचं म्हणणं मला पटलं. मीही इरेला पेटलो. हवा भट्टीसारखी झाली होती. बर्फ पडत होता आणि वितळत होता. मी त्या हेकरूच्या पोटाखाली, पाठीवर, कल्ल्यांपाशी पापुद्रे ओतत राहिलो. हम्मादी माझ्याशेजारी स्टुलावर दिवसभर बसायचा, मध्येच हात घालून माशाचं अंग चाचपायचा आणि मान हलवायचा.

मागच्या अंगणात मात्र मेंदी, गाणी, ढोलकी, सगळं ठरल्यासारखं चालू होतं. नवरदेव नाही म्हणून बायका गप्प बसतात होय? त्यात शेजारची नजीबा दुकानात डोकावली, पेटीत वाकून बघितलं आणि तोंड भरून म्हणाली, "अगं बाई! केवढा मासा! आणि हे मशीन बघ, आमचं फ्रीज मरायला टेकलंय आणि हे कसं चाललंय नुसतं!"

एवढं बोलून ती गेली. दृष्ट लागू नये म्हणून म्हणायचं ते "माशाल्ला" म्हणाली नाही. मेहरेझियाचा चेहरा पडला. या बाईच्या जिभेवर तिचा भरवसा नव्हता. हिने कौतुक केलं की शेळीचं दूध आटायचं, असं ती म्हणायची. ती लगबगीने आत गेली, कपड्यांच्या ट्रंकेतून आपल्या लग्नातली भरतकामाची जाड चादर काढली आणि माझ्या डोक्यावरून, पाठीवरून, पार खालपर्यंत पांघरली. वर एक निळा मणी टाचला.

"आता बघू दे कोण बघतंय ते," ती माझ्या कानाशी पुटपुटली आणि मेंदीला पळाली.

तिने ते प्रेमानेच केलं. म्हणून तर मला आणखी ओरडावंसं वाटत होतं. बाई, मागची जाळी! तूच रोज झाडतेस ती! लस्सादने काय सांगितलं होतं? पण मला ओरडायला तोंड कुठे आहे? माझा गरम श्वास चादरीत अडकून पुन्हा माझ्याच अंगावर येऊ लागला. नळ्या तापल्या. आत दाब चढत गेला. मी रेटलं, खूप रेटलं. मग पोटातलं काहीतरी खट्‌ झालं आणि माझं चाक थांबलं. धोक्याचा लाल दिवा लागला, तोही चादरीच्या आत. बाहेर ढोलकी अशी वाजत होती की मी गप्प झालोय हे कुणाला कळलंही नाही. हम्मादी तेव्हा जेवायला आत गेला होता.

मला खाली हेकरू दिसत होता. बर्फ बसत चालला होता. आधी त्याची पाठ उघडी पडली, मग कल्ले. एकेक थेंब नळीतून बाहेर जात होता आणि मी बघत उभा. माझ्या आयुष्यात मला असं असहाय कधी वाटलं नाही.

हम्मादी दात कोरत परत आला. स्टूल चाचपून बसला, सवयीने माझ्या कुशीवर हात ठेवला, आणि हाताला लागलं भरतकाम. त्याने चादरीखाली हात घातला. पत्रा तापलेला, आणि धडधड नाही.

"ताई!" तो असा ओरडला की ढोलकी थांबली. "हे काय घातलंस याच्या अंगावर? मेला ना हा!"

बायका दारात जमल्या. मेहरेझिया धावत आली. त्याने चादर उपटायला हात लावला तर तिने त्याचं मनगट धरलं.

"काढू नकोस! नजीबा समोर उभी आहे."

"नजीबा गेली खड्ड्यात."

"मी काय केलं बाई?" नजीबा म्हणाली.

"तोंड उघडलंस, ते केलंस," मेहरेझिया कडाडली. तोवर हम्मादीने चादर ओढून काढली होती. लाल दिवा सगळ्यांना दिसला. मेहरेझियाने तो बघितला, मग माझ्या मागच्या जाळीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मीच गं. मीच याचा गळा आवळला."

लस्साद पलीकडेच अडकलेला. दोर्राने त्याला फोन लावायचा, तर तिचे दोन्ही हात मेंदीने माखून कापडात बांधलेले. नजीबानेच नंबर फिरवला आणि फोन मेहरेझियाच्या कानाला धरला. लस्साद पलीकडून बोंबलत होता, "आधी जाळी पुसा! मग निवू द्या! मग मागचं लाल बटण दाबा, एकदाच. ढोलकीसारखं बडवू नका!"

मेहरेझियाने भिंतीपाशी अंग चोरून जाळी झाडली. निवेपर्यंत थांबायचं होतं, आणि तो वेळ जाता जाईना. तेव्हा नजीबा घरी गेली आणि मरायला टेकलेल्या फ्रीजमधला होता नव्हता तेवढा बर्फ परातीत घेऊन आली. हेकरूच्या अंगावर तिने तो स्वतःच्या हाताने पसरला. "माशाल्ला, माशाल्ला," ती म्हणत होती, "मेहरेझिया, ऐकतेयस ना? माशाल्ला."

मग बटण दाबलं गेलं. मी थरथरलो. पंखा फिरला, पाणी पडलं, पातं सरकलं. हम्मादीचा हात माझ्या कुशीवरच होता. पहिला पापुद्रा पडला तेव्हा तो लहान मुलासारखा रडला.

वारा पडला तशी फेरीबोट आली, आतेफ आला, लग्न झालं. दुसऱ्या दिवशी माशाचा मान. हेकरूला मोठ्या थाळ्यात ठेवलं, लाल फीत बांधली. माझ्यासमोरचं दार सताड उघडं होतं, म्हणून मला अंगण दिसत होतं. दोर्राने झगा सावरला, आतेफचा हात धरला, आणि दोघांनी मोजून सात वेळा तो मासा ओलांडला. बायकांनी जिभा फिरवून अशी ललकारी दिली की अंजिरावरचे पक्षी उडाले.

हम्मादी भिंतीला टेकून उभा होता. त्याला नुसते रंग हलताना दिसत असावेत. त्याने बहिणीला हळूच विचारलं, "ताई, डोळा कसा आहे त्याचा?"

ताज्या माशाची ओळख डोळ्यात असते. मेहरेझिया वाकली. मांस घट्ट होतं, वासही स्वच्छ होता, तेवढं मी राखलं होतं. पण डोळ्यावर दुधाळ साय आली होती. ती साय मी पेटीतच धरताना पाहिली होती. जिने आयुष्यात शिळ्याला ताजं म्हटलं नाही ती बाई फितीची गाठ नीट करत राहिली.

"लख्ख," ती म्हणाली. "आत्ता पाण्यातून काढल्यासारखा."

हम्मादी पुढे झाला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने माशाच्या डोळ्यावरून बोट फिरवलं. बोट त्या सायीवर थांबलं. मग उठून म्हणाला, "हो. लख्ख आहे." बहिणीने त्याचा दंड घट्ट धरला.

त्याला आता बरेच दिवस झाले. होडी मोडीत गेली. दोर्रा स्फाक्सला नांदते. निळा मणी आता माझ्या अंगावर नाही, समोरच्या खिळ्याला टांगलाय, आणि ती भरतकामाची चादर हम्मादीच्या स्टुलावर घडी करून ठेवलीय. माझं पातं झिजलंय. लस्साद म्हणतो, अजून एखादा उन्हाळा. नवं मशीन घ्या, यापेक्षा शांत मिळतं.

घ्या हवं तर. जेव्हा घ्याल तेव्हा त्यालाही भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि प्रेमाने झाकू नका, एवढंच माझं मागणं. पण शांत मशीन घेऊ नका. हम्मादीला आता काहीच दिसत नाही. रोज सकाळी तो भिंत चाचपत येतो, माझ्या कुशीवर हात ठेवतो आणि विचारतो, "जागा आहेस ना रे?"

पेटी भरलेली असते. मला थांबायला हरकत नसते. पण त्याचा हात लागला की मी कसाबसा थोडा धडधडतो.