कॅसेटची शेवटची दोन मिनिटं

मी एक साठ मिनिटांची कॅसेट बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, दुसऱ्यांनी भरलं तेवढंच आजवर बोलत आले. स्वतःचं असं हे पहिल्यांदाच.

१९९० साली सुचेताने मला केबिन रोडवरच्या एका दुकानातून आणलं. तिचा नवरा पंढरीनाथ मस्कतला फिटर होता आणि लेक इशिता जेमतेम वर्षाची. गोडदेवच्या त्यांच्या एका खोलीत टेपरेकॉर्डर होता, फोन नव्हता. माझ्या एका बाजूला सुचेताच्या भावाने हौसेने भजनं भरून टाकली. दुसरी अर्ध्या तासाची बाजू इशूची झाली.

सुचेता रोज थोडं थोडं भरायची. आज वरचा दात आला, आज भिंत धरून उभी राहिली, रविवारी तारोडीला समुद्रावर नेलं तर वाळूला पायच लावेना. इशू मात्र मोठी लबाड. बटण दाबलं की तोंडाला कुलूप, बंद केलं की बडबड सुरू.

मी भरले की मस्कतला जायची. पंढरीनाथ पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि मग माझ्यावरच आपलं उत्तर भरून, सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती मला परत पाठवायचा. सुचेता त्यावर पुन्हा इशूचं नवीन भरायची. जुनं पुसलं जातंय याचं दोघांनाही काही वाटत नसे. पोर रोज नवं काहीतरी करतेय, मग कालचं कशाला जपायचं? खरं सांगते, मलाही ते बरोबरच वाटायचं.

चौथ्या खेपेला सुचेताने इशूला पाऊल टाकलं की ची-ची वाजणारे बूट घातले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती एकटी चालली आणि मधेच खुदकन हसून "बाबा" म्हणाली. ते सगळं माझ्यात आलं. मस्कतच्या खोलीतले सहाही जण कान देऊन बसले होते. पंढरीनाथने पावलं मोजली, अकरा भरली. महिनाभर ऐकून त्याला सगळं पाठ झालं. मग त्याने त्या सगळ्यावर अठ्ठावीस मिनिटं आपलं बोलणं भरलं आणि त्याच खोलीतल्या, सुट्टीवर निघालेल्या दत्तारामच्या हाती मला दिलं.

दत्ताराम आधी रत्नागिरीला आपल्या घरी आठ दिवस राहिला. त्याच आठ दिवसांत इशू तापाने गेली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? खजुराचा डबा आणि मला घेऊन तो हसतच गोडदेवच्या दारात उभा राहिला.

सुचेताने मला लावलं. पंढरीनाथचा आवाज खोलीभर झाला. "इशू, आता धावून दाखव हां. बाबा दिवाळीला येतोय."

ती रडली नाही. तिने मला पुढे पळवलं, मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं. ती ची-ची शोधत होती. माझ्याजवळ असती तर मी दिली नसती का?

पंढरीनाथ आला तेव्हा त्याने आधी माझ्या कडेच्या दोन्ही खिट्या मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. हे त्याला आधीही माहीत होतं.

आता १९९८ उजाडलंय. मी त्या बुटांसोबत पत्र्याच्या डब्यात असते. इशूच्या वाढदिवसाला दोघं मला बाहेर काढतात. पंढरीनाथ स्वतःची अठ्ठावीस मिनिटं पुढे पळवतो, कारण तो आवाज त्याला सहन होत नाही. माझी फीत आता झिजलीय. मला पुन्हा लावू नका, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटतं, कारण माझ्याकडे द्यायला काहीच नाही. पुसायची राहिलेली शेवटची दोन मिनिटं तेवढी उरलीत, त्यात इशू नाही. सुचेता आहे.

"बोल ना गं इशू. बाबा ऐकतायत. बोल पटकन, कॅसेट संपतेय."

आणि मी संपते.