दोन दांड्यांचं विमान

“याच्यात जीवच नाही. हाताला वारा कळायला नको?” आमचे कॅप्टन रोज कुरकुरत. कंपनीतले निम्मे वैमानिक त्यांनीच घडवलेले, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांपुढे बोलणार कोण?

मित्रांनो, त्या बिनजिवाच्या दांड्यांतला एक मी. प्रवासी विमानात वैमानिकांच्या उजव्या खुर्चीशेजारचा, वीतभर उंचीचा; मागे ओढला की विमानाचं नाक वर, पुढे ढकलला की खाली. डाव्या खुर्चीशेजारी माझा जुळा भाऊ. आमच्या आजोबांच्या काळी दांड्यापासून पंखांपर्यंत तारा जात. वारा पंखाला झोंबला की वैमानिकाच्या मुठीला हिसका बसे. दोन्ही दांडे एकमेकांना जोडलेले. एक हलला की दुसरा हले. माझ्या पोटात मात्र नुसत्या स्प्रिंगा. मी किती हललो ते कॉम्प्युटरला कळतं, भावाला नाही. आणि दोघांना एकदम ओढलं, तर कॉम्प्युटर बिचारा बेरीज करून मोकळा होतो.

अकरा वर्षं राबलो. शेवटी माझ्या वाट्याला एक तरुण सहवैमानिक आली. बसण्याआधी मला रुमालाने पुसायची, उतरल्यावर “शहाणा रे,” म्हणायची. असं मला आधी कोणी म्हटलं नव्हतं.

त्या दुपारी विमान ती उतरवत होती. धावपट्टी अगदी खाली आली आणि वाऱ्याने विमानाखालचा आधारच काढून घेतला. तिने मला मागे ओढलं, हवं तेवढंच. त्याच क्षणी मास्तरांनी माझ्या भावाला ओढलं, तेही हवं तेवढंच. ‘माझ्याकडे दे’ असं आधी म्हणायचा नियम आहे. ते म्हणाले नाहीत. दोन बरोबरांची बेरीज झाली आणि नाक आभाळाकडे गेलं. शेपूट जमिनीवर आपटून फाटलं. विमान उसळलं. दोघांनी आम्हाला पुढे ढकललं, पुन्हा बेरीज. नाक दाणकन आदळलं, पुढचं चाक मोडून विमानाच्या पोटात घुसलं, काच तडकली, सामान लोकांच्या डोक्यांवर कोसळलं. मागे बसलेल्या हवाईसेविकेचा मणका मोडला. माझ्यावर आवळलेल्या तिच्या हाताचं मनगट मोडलं, ते तर मी ऐकलं. ‘दोघं एकदम ओढताय’ असा इशारा देणारा कॉम्प्युटरचा आवाज त्याच्याच उंची सांगणाऱ्या आवाजामागे रांगेत उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा सगळं झालं होतं.

कोणी दगावलं नाही. हवाईसेविका अजून उठून बसलेली नाही.

मित्रांनो, माझी निगा राखायला तेलपाणी लागत नाही. दुसऱ्याच्या हातातलं काम घेताना तोंडाने सांगा, एवढंच.

आज माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधून मला चौकशीच्या टेबलावर ठेवलंय. शेजारच्या कागदावर आम्ही किती हललो त्याच्या, कॉम्प्युटरने नोंदलेल्या दोन रेघा आहेत, एक माझी, एक भावाची. दोन्ही एकदमच उसळलेल्या. रेघा सगळ्यांनी पाहिल्या. पाहिल्या आणि पाणी प्यायले.

“वारा फार होता,” कंपनीचे इंजिनीअर म्हणाले.

“फारच,” चौकशी अधिकारी म्हणाले. तेही मास्तरांचेच विद्यार्थी.

“पोर नवीन आहे,” मास्तर मायेने म्हणाले. “हात जरा जड पडला. शिकेल.”

अधिकाऱ्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. ‘सहवैमानिकाने दांडा गरजेपेक्षा जास्त ओढला.’ खाली सही केली की तिचं उडणं संपलं.

तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने तिने पेन उचललं, खाली ठेवलं, आणि रेघांचा कागद मास्तरांसमोर धरला.

“सर, मी अर्धाच ओढला होता,” ती म्हणाली. “बाकीचा अर्धा तुम्ही ओढलात. न सांगता.”