दोन मोऱ्यांमधला बिडाचा पाइप

मी एक जुना बिडाचा पाइप आहे. सानपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, दोन स्वयंपाकघरांच्या कोपऱ्यांतून मी खाली उतरतो. मित्रांनो, बीड म्हणजे ओतीव लोखंड. भट्टीतून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखादा पूल खांद्यावर घ्यायचं भाग्य लाभेल. नशिबी आलं खरकटं पाणी. तरी तक्रार नाही, कारण शेजार मला फार चांगला मिळाला.

वरच्या मजल्यावर राहतात बतूलभाभी, मूळच्या श्रीवर्धनच्या. खाली साताऱ्याकडच्या राजाबाई. चहा उकळला की राजाबाई पळीने माझ्यावर दोनदा टकटक करायच्या आणि बतूलभाभी चपला सरकवत खाली यायच्या. नव्या इमारतींतल्या प्लॅस्टिकच्या पाइपांना हा मान कुठला?

बतूलभाभी नारळाच्या रसातली सांदणं करायच्या आणि सगळी सोसायटी बोटं चाटायची. रसाची भांडी त्या मोरीत विसळायच्या आणि वरून कढत पाणी ओतायच्या. त्यांची मोरी कायम लख्ख. पण नारळाचा तो ओशटपणा वर वितळायचा आणि राजाबाईंच्या ओट्याखाली, माझ्या थंड वाकणात येऊन गोठायचा. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं?

अखेर एका सकाळी राजाबाईंच्या मोरीतून पाणी उलटं वर आलं आणि ज्वारीच्या पिठाचा डबा भिजला.

“भाभी, तुमचं खरकटं माझ्या घरात येतंया,” राजाबाई जिन्यातूनच म्हणाल्या.

“आमी रोज कढत पाणी ओततो. आमची मोरी बघा येऊन,” बतूलभाभी म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

टकटक थांबली. चहा उकळायचा, पण पळी माझ्याकडे वळायची नाही. तुंबण्याचं मला काही वाटत नव्हतं. ती शांतता मात्र मला गंजापेक्षा जास्त खात होती.

शेवटी बतूलभाभीच पाना, सळी आणि बादली घेऊन खाली आल्या. “सरका राजाताई, बघते मी.” ओढणी खोचून त्या ओल्या फरशीवर बसल्या, हिसके देत वाकणावरचं झाकण उघडलं आणि सळीने आतला पांढरा गोळा ओढून काढला. त्यांनी तो हुंगला.

“हा माझा नारळ आहे,” त्या हळूच म्हणाल्या.

राजाबाईंनी गोळा फोडला. आत काळे थर होते. “आन ही चहापत्ती माझी हाय. चोथा मोरीतच वतते की मी.”

दोघी एकमेकींकडे बघून खो खो हसल्या. दुसरीच्या माथी खापर फोडणं किती सोपं होतं! दोघींनी आपापला वाटा उचलला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता बतूलभाभी भांडी आधी कागदाने पुसतात, मग विसळतात. राजाबाईंचा चोथा धुऊन गुलाबाच्या कुंडीत जातो. दोन्ही मोऱ्यांवर जाळ्या बसल्या आहेत.

मित्रांनो, तुम्हीही एवढं करा. तुमच्या मोरीतलं पाणी दिसेनासं झालं तरी पुढे ते कुणाच्या तरी घरावरून जात असतं.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. झाकण बसवून झाल्यावर राजाबाईंनी चहाचं आधण ठेवलं. बतूलभाभी शेजारीच पाटावर बसल्या होत्या. तरीही राजाबाईंनी पळी उचलली आणि माझ्यावर दोनदा टकटक केली.