ताटातली चादर

मार्च महिन्यात सोलापुरात हिवाळा आणायचं काम उत्कर्षाने अंगावर घेतलं होतं. थंडीचे कपडे उन्हाच्या तोंडावर दाखवायचे असतात, फॅशनचं जग सहा महिने पुढे चालतं, हे तिने जेवताना घरच्यांना समजावून सांगितलं. थोरले दीर मल्लिकार्जुन यांनी सगळं ऐकून घेतलं, डाव्या हाताने पंखा पाचावर नेला आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. त्या घरात अपमान मागावा लागत नसे, ताटात वाढून येई.

धंदा शाळेच्या गणवेशांचा. उन्हाळाभर कारखाना जूनच्या शाळांसाठी धडधडत असतो आणि नेमका त्याच दिवसांत उत्कर्षाला वरचा शिलाईचा हॉल हवा होता. ती कुर्डुवाडीची, मुंबईत फॅशन डिझाइन शिकलेली, आणि या घरात सून म्हणून आल्यापासून सोलापुरी चादरीचे कोट, जॅकेट, झगे शिवायच्या मागे लागलेली. मल्लिकार्जुन यांच्या लेखी फॅशनचा इतिहास हाफ पँटपासून सुरू होऊन फुल पँटपाशी संपत होता.

"येणारा हंगाम राखाडीचा आहे, भाऊजी," ती म्हणाली. "सगळ्यांचे अंदाज तेच सांगतायत."

"असंल की. पावसाचे बी अंदाज सांगत्यात."

"थट्टा नकोय मला."

"थट्टा कुटं? चादरीवरचा मोर काढला, फुलं काढली, रंग काढला. राहिलं काय? लादी पुसायचं फडकं. त्येला तू कलेक्शन म्हण. आमी अडवलंय का?"

"हॉल अडवलाय की."

"हॉलमदी पोरांच्या चड्ड्या शिवत्यात. त्या नसल्या तर शाळा भरत न्हाईत. तुझा कोट नसला तर कोण गारठून मरतंय हितं?"

नवरा अजिंक्य या दोघांच्या मधे बसून जेवत असे आणि दोन्हीकडच्या बोलण्याला 'बरोबर आहे' म्हणत असे. त्यामुळे निवाडा सासूबाईंकडे, नागव्वांकडे गेला. व्यापाऱ्यांचा कापड मेळावा तोंडावर आला होता. त्यात उत्कर्षाचा फॅशन शो होता, आणि मुंबईच्या मोठ्या दुकानांसाठी माल निवडणारी इफ्रा नावाची बाई तो बघायला येणार होती. तिने ऑर्डर दिली तर वरचा हॉल उत्कर्षाचा. नाही दिली, तर हॉलमध्ये गणवेश आणि कॉलरी लावायला उत्कर्षा.

"कबूल?" नागव्वांनी विचारलं.

"कबूल," दोघं एकदम म्हणाले. त्यांचं एकमत झाल्याचा हा पहिलाच प्रसंग. अजिंक्य म्हणाला, "बरोबर आहे."

मेळावा एका मंगल कार्यालयात भरला. स्वागत समितीचे अध्यक्ष मल्लिकार्जुन. एरवी जिथे पंगती बसतात तिथे फळ्या टाकून रॅम्प केला होता, आणि स्टेजच्या मागच्या जिन्यावर भलामोठा कूलर आडवा लावला होता, कारण चादरीचे कोट घातलेल्या कॉलेजच्या मुली रॅम्पवरून परत आल्या की थेट त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहत. एकीने तर बाही काढून त्यात तोंड घातलं.

पण या सगळ्या कोटांचं उत्कर्षाला फारसं पडलं नव्हतं. कलेक्शनचा जीव शेवटच्या नगात होता. राखाडी, लांब, बिनशिलाईची एक चादर. तिला कात्री लागली नव्हती की सुई. मुलगी स्टेजवर येणार, पितळी ताटातून ती उचलणार आणि अंगावर घेत घेत चालणार. इफ्राने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की बाकीचं मी फोटोंत पाहिलंय, मी येतेय ती त्या शेवटच्यासाठी.

उत्कर्षाने चादरीची घडी ताटात ठेवली. ताट स्टेजच्या कडेला टेबलावर. एखाद्या विधीसारखं वाटावं म्हणून शेजारी नारळही ठेवला. मुंबईत या कल्पनेला दाद मिळाली असती. सोलापुरात पितळी ताटात चादरीची घडी आणि जोडीला नारळ याचा अर्थ एकच होतो, आणि तो कळायला कुठलंही कॉलेज लागत नाही. कुर्डुवाडीच्या पोरीलाही तो कळायला हवा होता. पण ती तेव्हा सहा महिने पुढे होती.

शेवटची मुलगी केस सारखे करत होती, इतक्यात संगीत बंद पडलं आणि माइकवर आवाज आला, "अण्णांचं आगमन झालेलं आहे!"

बिरुदेव अण्णा म्हणजे माजी नगरसेवक. निवडणूक हरल्यापासून त्यांचे सत्कार वाढले होते, कारण आता त्यांना सगळीकडे जायला वेळ होता. ते उद्‌घाटनाला येणार होते आणि समारोपाला पोचले, म्हणजे त्यांच्या मानाने लवकरच. अण्णा रॅम्पवरूनच चालत स्टेजवर चढले. सत्काराच्या चादरी गाडीत राहिल्या होत्या. मल्लिकार्जुन यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ताट उचललं.

"भाऊजी, नाही!" उत्कर्षा पडद्याआडून ओरडली. टाळ्या सुरू झाल्या होत्या.

राखाडी चादर झटक्यात उलगडली आणि अण्णांच्या खांद्यांवर पडली. नारळ हातात गेला. फोटोग्राफरने "जरा हिकडं बघा" म्हटलं. तेवढ्या वेळात उत्कर्षाने मल्लिकार्जुन यांना पडद्याआड ओढलं.

"मुद्दाम केलंत तुम्ही."

"ताटात चादर दिसली, घातली. दुसरं काय करत्यात ताटातल्या चादरीचं?"

"ती माझी आहे. परत घ्या."

"सत्काराची चादर परत मागू? अण्णांकडनं?" मल्लिकार्जुन यांचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा प्रामाणिकपणे घाबरलेला दिसला. "तुझा हिवाळा गेला खड्ड्यात. मला हितंच ऱ्हायचंय."

तिकडे अण्णा निघाले होते. मागच्या जिन्यावर कूलर आणि मुली, त्यामुळे वाट एकच, रॅम्प. कूलरच्या वाऱ्याने चादर घसरली. अण्णांनी सवयीने तिचं एक टोक काखेतून घेऊन दुसऱ्या खांद्यावर टाकलं, नारळ छातीशी धरला आणि दोन्ही बाजूंच्या जनतेला मान लववत, मतदान अजून व्हायचंच असल्यासारखे, सावकाश चालत गेले. टोकाला पोचल्यावर थांबले. वळले. पुन्हा हसले. संगीतवाल्याला वाटलं शो सुरूच आहे. त्याने ढोल लावला.

पहिल्या रांगेत इफ्रा उठून उभी राहिली.

शो संपताच ती तडक मागे आली. उत्कर्षाने माफी मागायला तोंड उघडलं होतं.

"मॉडेल न घेता हा माणूस घेतलात," इफ्रा म्हणाली. "खांद्यावर टाकायची ती पद्धत, तो नारळ! इतकं धाडस मी मुंबईत पाहिलं नाही. ऑर्डर पक्की. फक्त हीच. ते कोट वगैरे ठेवून द्या, तसले सगळेच करतात. मला नुसती चादर हवी. दोऱ्याचा एक टाका घालायचा नाही, चालेल?"

"चालेल," उत्कर्षा म्हणाली. मग तिने शेजारी पाहिलं. मल्लिकार्जुन ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही प्रकाश पडला, जो तिने तिथे कधी पाहिला नव्हता.

घरी त्यांनी स्वतःहूनच विषय काढला. "अव्वा, ऑर्डर आली. शब्द म्हंजे शब्द. हॉल हिचा." हात धुतले, टॉवेलला पुसले. "मशिनी तेवढ्या खाली घेतो."

"मशीन का?" उत्कर्षा ताठ झाली.

"टाका घालायचा न्हाय म्हणाली की ती बाई. मी उभाच होतो तितं. मग शिलाईची मशीन कशाला? शोभेला?"

"हॉल म्हणजे मशीनसकट. तसंच ठरलं होतं."

"मशीन असा शब्द कुणी काढला, अव्वा?"

नागव्वांनी आठवून पाहिलं. काढला नव्हता.

"मग हे कोट मी कुठे शिवू?" उत्कर्षाचा आवाज चढला. "पुढच्या हंगामाला काय दाखवू? आयुष्यभर घड्या घालत बसू?"

"घडी चांगली घालतीस की. तुझ्या घडीनंच तर झालं सगळं."

"तुम्ही माणूस आहात का कोण?"

"साकु माडो, मल्लू," नागव्वा म्हणाल्या, पुरे कर. पण निवाडा त्यांचाच होता आणि तो त्यांना मोडता येईना. अजिंक्यने तोंड उघडलं. उत्कर्षाने त्याच्याकडे असं पाहिलं की 'बरोबर आहे' घशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मशिनी एकेक करून जिना उतरल्या. हॉलमध्ये फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग राहिले आणि खिळ्याला राखाडी कोट राहिले. खालून धडधड सुरू झाली तशी फरशी थरथरायला लागली. उत्कर्षा मधोमध उभी होती. तेवढ्यात मल्लिकार्जुन वर आले. मागे कारखान्याचे सगळे कामगार. हातात पितळी ताट, ताटात हॉलची किल्ली, नारळ आणि एक चादर. लालभडक, मोराची.

"घराण्याचं नाव मुंबईला नेलंस," ते मोठ्याने म्हणाले आणि चादर उघडून तिच्या खांद्यांवर घातली. टाळ्या झाल्या. हॉलमध्ये पंखाही उरला नव्हता. तो मशिनींबरोबर खाली गेला होता.

"जरा हिकडं बघा," मोबाइलवाला म्हणाला.

नारळ उत्कर्षाच्या हातात होता आणि मल्लिकार्जुन यांचं डोकं अगदी हाताच्या अंतरावर. फोटोत ती हसताना दिसते.